शुक्रवारचं चिकन

पपा गुरुवारी गेले आणि शुक्रवारी आमच्या घरी चिकन आलं.

आणलं कोणी, तर समोरच्या जोशी काकूंनी! काकू मूळच्या शनिवार पेठेतल्या. कात्रजला आमच्यासमोर राहायला आल्यापासून, आमच्याकडे मासे तळायला लागले की खिडक्या लावून घेणाऱ्या. (धाडकन! आम्हाला कळावं म्हणून.) पपांना दफन करून आम्ही परतलो, तर दारात काकू. एका हातात भलामोठा डबा, दुसऱ्या हाताने नाकाला पदर.

"आज तुमच्या घरी चूल पेटायची नाही. तुमच्यात हेच लागतं ना? आयुष्यात पहिल्यांदा त्या कोपऱ्यावरच्या नॉनव्हेज खानावळीची पायरी चढले. तुमच्या पपांसाठी."

आली का पंचाईत! ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता आणि त्यात आम्हा कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात, अंडी चालतात, चिकन नाही! घरात नातेवाईक बसलेले, कोपऱ्यात चर्चचे फादर, आणि कालपासून एक शब्द न बोललेली, पाण्यापलीकडे काही न घेतलेली माझी आई.

"तुकडे काढून नुसता रस्सा घेतला तर?" मामा पुटपुटले. फादरांनी नुसतं बघितलं. मामांनी मान खाली घातली.

पण काकूंचं मन मोडायचं कसं? मी थाप मारली, "काकू, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय हो."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं."

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. "फॅमिली डॉक्टर दिसतात."

आणि आई हसली! हसता हसता रडायला लागली. काकूंचा हात धरून म्हणाली, "अहो, आज शुक्रवार. उपवासकाळात आम्हाला चालत नाही. पण तुम्ही आणलंत हो..."

"मग आधी नाही का सांगायचं!" काकू कडाडल्या. "सकाळीच वरणभात लावला होता मी. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून घरीच ठेवला!"

वरणभात आला. काकूंनी शेजारी बसून आईला पहिला घास भरवला. डबा आमच्या फ्रिजमध्ये शनिवारची वाट बघत बसला.

एवढं निभावून नेल्याच्या समाधानात मी फादरांना म्हटलं, "फादर, नियम काही मोडला नाही हं आपण!"

"छे," भात कालवत फादर म्हणाले, "शुक्रवारी मांस चालत नाही. थापा चालतात, हे मात्र आजच कळलं."