प्रज्ञाची रायफल आणि पन्नास मीटर

आमच्या सिंदेवाहीच्या रायफल क्लबात छर्ऱ्यांचा डबा महिनाभरही पुरत नाही, किस्से मात्र साठतच जातात. क्लब म्हणजे एक बंद पडलेली राइस मिल, टोकाला वाळूची पोती रचलेली. चालवतात हनीफभाऊ. मी हायस्कूलमध्ये शिकवते, माझी मैत्रीण प्रज्ञा नर्स आहे. तिची जुनी स्प्रिंगवाली एअर रायफल दहा मीटरवर झकास चालायची. पण तिला जिल्ह्याच्या संघात जायचं होतं, आणि तिथली स्पर्धा पन्नास मीटरची. सगळे म्हणाले, या रायफलनं ते होणार नाही. झालं! आता प्रज्ञानं दुसरी रायफल हातात धरणं शक्यच नव्हतं.

*

तिचे मामा समजवायला आले. "दहा मीटरवर लागते न? मंग पन्नास काऊन पाहिजे तुले?"

"दहा मीटरवर तर तुमचं बोलणंही लागते, मामा."

मामा त्या दिवशी चहा न घेताच गेले.

*

स्प्रिंग कोरडी पडली म्हणून हनीफभाऊंनी तेल सोडलं. हात सढळ! पहिल्याच छर्ऱ्याला ते तेल पेटलं आणि असा बार उडाला की मिल धुरानं भरली. शेजारच्या धानाच्या बांधीतून चौघे काठ्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, रानडुकरं हाकलायला कोणी सुतळी बॉम्ब फोडला.

"डुकरं कुठी हायेत?"

हनीफभाऊ डोळे पुसत म्हणाले, "पळाली."

*

लांबच्या नेमाला सगळे छर्रे सारख्या वजनाचे लागतात. प्रज्ञा डबा घेऊन सरळ सराफाकडे गेली.

"इथी सोनं तोलतो बाई, शिसं नाई."

"सोन्यात रत्तीची चूक चालते का तुम्हाले? मलेही नाई चालत."

सराफानं गिऱ्हाईक थांबवून डबा तोलून दिला.

*

रायफलवर नेमाची दुर्बीण बसवायला आम्ही गडचिरोलीला निघालो. वाटेत बस थांबवून तपासणी झाली. पोलिसानं लांबडी पेटी उघडली.

"यानं काय मारता?"

"कागद," प्रज्ञा म्हणाली.

"कागद मारायले एवढी मोठी बंदूक?"

"जवळचा मरते जी, दूरचा मरून नाई राह्यला. म्हणून तर चाललो."

त्यानं हसू दाबत पेटी परत दिली. बस मात्र गडचिरोली येईपर्यंत आमच्याकडेच बघत होती.

*

निवड चाचणी चंद्रपूरला होती. निवड करणाऱ्या साहेबांनी रायफल पाहिली आणि म्हणाले, "पन्नास मीटरवर हिचे छर्रे मुरमुऱ्यांसारखे पसरतील. आमची रायफल घे, नाहीतर बाजूला बस."

"माहीच चालवीन," प्रज्ञा म्हणाली.

स्प्रिंगवाली रायफल आवळून धरली की उसळते, नेम हलतो. तिनं ती तळहातावर नुसती टेकवली, श्वास सोडला आणि पाच छर्रे मारले. पाचही चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत!

साहेबांना पटेना. त्यांनी तीच रायफल घेतली, खांद्याला घट्ट आवळली आणि पाच मारले. दोन कागदाच्या कडेला लागले, तीन मागच्या वाळूच्या पोत्यांत गेले.

"रायफलमध्येच खोट आहे," साहेब म्हणाले.

"मंग संघाच्या यादीत रायफलचं नाव नका लिहू, साहेब," प्रज्ञा म्हणाली. "माहं लिहा."