असोच्या पुढचं

धाकटीला घरात कोणी कधी भांडताना ऐकलं नव्हतं. म्हणून तिला राग येत नसे असं मात्र कोणी समजू नये. राग यायचा, चांगला नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायचा. पण ओठांशी आला की ती "असो" म्हणायची आणि चहाचं आधण ठेवायला निघून जायची. या शब्दाची किमया तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळली होती. समोरच्याला बरोबर कळतं की हिच्या पोटात बरंच काही आहे, आणि हिनं काही म्हटलं असा आळही घेता येत नाही. बोलल्यासारखं होतं आणि माणूस नामानिराळा राहतो.

घर दोन मजल्यांचं. खाली मोठे भाऊजी आणि जाऊबाई, वर धाकटी आणि तिचा नवरा. भाऊजी सुतार; घरामागच्या शेडमध्ये त्यांची फिरती करवत दिवसभर किंचाळायची. सकाळी मात्र करवतीआधी वर्तमानपत्र. भाऊजी ते मोठ्यानं वाचायचे आणि घरानं ऐकायचं, अशी पद्धत होती. अलीकडे बातम्या फार रंगतदार येऊ लागल्या होत्या. शहरात पुढच्या महिन्यापासून पाणघोडे वाढणार, असं त्यांनी वाचलं तेव्हा जाऊबाईंनी फक्त विचारलं, "ठेवणार कुठे म्हणे?"

धाकटी चौकातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. डोळे तपासायला येणारा माणूस खोटं का बोलतो, हे कोडं तिला इतकी वर्षं होऊनही सुटलेलं नव्हतं. ना परीक्षा, ना बक्षीस, तरी लोक न दिसणारी अक्षरं बिनदिक्कत ठोकून द्यायचे. एका बाईंना खालची ओळ दिसेना, तर त्या म्हणाल्या, "दिसतंय हो, पण वाचण्यासारखं काही नाही त्यात."

रोज असलं काहीतरी घडायचं, म्हणून तिनं न्यूजलेटर काढायचं ठरवलं. दर शनिवारी एक पत्र लिहायचं, आणि ज्यांनी आपला ईमेल दिला असेल त्यांना ते इंटरनेटवरून घरपोच. एवढा माल हाताशी असताना या बाईनं पत्राचं नाव काय ठेवावं? 'अंतरंगाच्या क्षितिजावर'. पहिलं वाक्य होतं, 'जीवन ही एक अथांग सरिता आहे.' धाकटीला पोहता येत नव्हतं, आणि नदीला सरिता तिनं जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

वाचक म्हणजे नवरा, एक मावशी, दोन मैत्रिणी आणि मोठे भाऊजी. मावशीला वाटायचं हे बँकेकडून येतं. भाऊजी मात्र दर रविवारी न चुकता म्हणायचे, "छान लिहितेस हो!" काय छान, ते कधी सांगायचे नाहीत, पण कौतुकाची झाडाझडती कोण घेतं?

नवऱ्यानं चार पत्रं सोसली. पाचवं आलं तेव्हा तो मोजे शोधत होता. एक मोजा हातात धरून म्हणाला, "हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"तू असं बोलत नाहीस."

"मग कशी बोलते?"

"अर्धं बोलतेस आणि असो म्हणतेस. उरलेलं अर्धं मी ऑफिसात दिवसभर शोधत बसतो."

धाकटीला ते झोंबलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी अर्धंही बोलली नाही. पण रुसून बसल्या बसल्या तिच्या डोक्यात आलं की आपण रोज दुकानात जे करतो तेच इथे का करू नये? गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड गोल फ्रेम ठेवायची, एक भिंग घालायचं, मग दुसरं, आणि विचारायचं: आधीचं बरं, की आताचं? माणूस बाकी कितीही थापा मारो, या प्रश्नाला खरं उत्तर देतो. मग तिनं त्या 'वाचण्यासारखं काही नाही' वाल्या बाईंची गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिली आणि नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवली.

"आधीचं बरं, की आताचं?"

"आताचं."

तिनं एक शब्द काढला. "आणि आता?"

"आता अजून बरं. पण मला भूक लागलीय."

असं करत करत सरिता गेली, अथांग गेलं, क्षितिज गेलं. शेवटी जीवनसुद्धा गेलं. उरली ती कमरेवर हात ठेवून बोलणारी एक बाई, आणि ती बाई धाकटीला चांगली ओळखीची वाटली. पत्राचं नवं नाव पडलं 'जवळचं-लांबचं'. त्यातल्या पहिल्या गोष्टीचा शेवट असा होता: 'दिसतंय पण वाचण्यासारखं काही नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना मी माझी पहिली पाच पत्रं पाठवायला हवी होती. असो.'

त्या आठवड्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाचं उत्तर आलं. मग आणखी आली. लोक तिचं पत्र एकमेकांना पाठवू लागले, वाचक वाढले, आणि सगळ्यांना आवडायचं ते 'असो'. जिथे आता ही काहीतरी बोलणार असं वाटायचं, तिथेच ती दार ओढून घ्यायची, आणि दाराबाहेर वाचक हसत उभे राहायचे. पुढचं काय असेल याचे तर्क ते लिहून पाठवायचे, आणि ते तर्क तिच्या मनात होतं त्याहून तिखट असायचे. न लिहिलेल्याचंही श्रेय मिळतं, हे पाहून धाकटी सुखावली. आणि माणूस सुखावला की सोकावतो. पुढेपुढे एका पत्रात चार-चार असो पडू लागले. आधीचं बरं की आताचं, हे विचारणंही तिनं सोडून दिलं, कारण आताचंच बरं असणार याची तिला खात्रीच झाली होती.

याच सुमाराला भाऊजींनी जाऊबाईंना स्वयंपाकघरात ठेवायला एक स्टूल केलं. ते लंगडं निघालं. भाऊजींच्या हातचं स्टूल लंगडं, हे घराच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. जाऊबाईंनी त्यांना हाताला धरून डोळे तपासायला पाठवलं.

भाऊजी तक्त्यासमोर ताठ बसले. आणि पाढे म्हणावेत तसा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत म्हणून टाकला. कुठे अडखळले नाहीत. सगळ्यात खाली तक्ता छापणाऱ्याचं मुंगीएवढं नाव असतं, तेही म्हणाले. गोची एवढीच होती की त्या दुकानातली कपाटं भाऊजींनीच बसवली होती. तो जुना तक्ता आठवडाभर त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि पाठ झाला होता. आणि धाकटीनं त्याच सकाळी तो काढून गुंडाळून कोपऱ्यात ठेवला होता आणि भिंतीवर नवा लावला होता. नव्या तक्त्यावर त्यांनी म्हटलेलं एकही अक्षर जागेवर नव्हतं.

समोर थोरला दीर, मागे मालक, बाकावर गिऱ्हाइकं. धाकटीच्या ओठांशी वाक्य आलं होतं.

"असो," ती म्हणाली. "सावकाश बघू पुन्हा कधी."

"नजर आहे ना गरुडाची?" असं म्हणत भाऊजी उठले आणि काचेच्या दाराला थडकून बाहेर गेले.

त्या शनिवारी तिनं लिहिलं: 'काल एका गृहस्थांनी आमच्या दुकानातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचला. तो तक्ता भिंतीवर नव्हता. असो.'

हे पत्र सगळ्यात गाजलं. कोणी लिहिलं, गृहस्थ अंतर्ज्ञानी दिसतात. कोणी लिहिलं, त्यांना निवडणुकीला उभं करा. धाकटी ती उत्तरं वाचून जिन्यात एकटीच हसत होती, तेव्हा जाऊबाई खालून वर आल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"हे पाणघोडे दाखव मला यात," त्या म्हणाल्या.

धाकटीनं पाहिलं. पाणीपट्टी वाढणार होती.

"मी काही तुझ्यासारखी डोळ्यांतली जाणकार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पण तुझं पत्र मी वाचते. तो गृहस्थ कोण, ते मला पहिल्या ओळीतच कळलं. माझा प्रश्न एवढाच आहे. त्या असोच्या पुढे काय होतं?"

"जाऊबाई, चारचौघांत कसं बोलणार होते? मोठे आहेत ते."

"चारचौघांत नाही बोललीस, बरोबर केलंस. घरी का नाही बोललीस? लिहायला वेळ झाला तुला." त्यांनी पत्राचा आवाज काढला, अगदी हुबेहूब. "'तो तक्ता भिंतीवर नव्हता. असो.' मीही हसले गं आधी. मग मागून करवतीचा आवाज आला."

आवाज आताही येत होता. धाकटी चपला न घालताच खाली धावली.

शेडमध्ये भाऊजी फळीवर वाकले होते. पेन्सिलची रेघ दिसावी म्हणून ते इतके खाली गेले होते की पात्याचा वारा त्यांच्या भुवयांना लागत असावा. डाव्या हाताचा अंगठा रेघेवरून चाचपडत पात्याकडे सरकत होता. हाक मारली तर दचकतील, म्हणून धाकटीनं दाराजवळचा मोठा खटका खाली ओढला. करवत कण्हत कण्हत थांबली.

"लाइट गेली का?" भाऊजी म्हणाले.

"मी बंद केली." पुढचं वाक्य घशात आलं आणि सवयीनं त्याच्या पाठोपाठ तो शब्दही आला. तिनं तो गिळला. "भाऊजी, तुम्ही दुकानात वाचलात तो तक्ता भिंतीवर नव्हता. तुम्हाला दिसत नाही. चष्मा होईपर्यंत या मशीनला हात लावायचा नाही."

इतकं लांब, इतकं सरळ ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. भाऊजींनी हातावरचा भुसा सावकाश झटकला.

"ठाऊक आहे. निघताना कोपऱ्यातल्या गुंडाळीला हात लागला, तेव्हाच ओळखलं मी."

"मग?"

"मग काय? तू असो म्हणालीस. मला वाटलं, अजून चालण्यासारखं असेल. नाहीतर तू बोलली असतीस." ते थोडे ओशाळून हसले. "डोळ्यांतलं तुला कळतं, मला थोडंच कळतं!"

धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपण यांची लाज राखली, असं ती समजत होती. त्यांनी तिचा असो दाखला म्हणून खिशात घातला होता. आणि त्याच असोवर ती आठवडाभर वाहवा गोळा करत होती. ती तिथेच लाकडाच्या ढिगावर बसून रडली. भाऊजी गडबडले आणि खिशातल्या भुशाच्या रुमालानं तिचे डोळे पुसायला निघाले, तो मात्र तिनं घेतला नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तिनं त्यांचे डोळे नीट तपासले. या खेपेला भाऊजी तक्ता वाचताना चांगलेच अडखळले. एका अक्षराला ते माशी म्हणाले. नंबर दणदणीत निघाला. चष्मा लावून घरी आल्यावर त्यांची पहिली नजर स्टुलाकडे गेली.

"हे कुठल्या गाढवानं केलंय?"

"असो," जाऊबाई म्हणाल्या.

सकाळच्या बातम्या आता खऱ्या येऊ लागल्या आणि घराचा त्यातला रस उडाला. नवऱ्यानं एकदा पाणघोड्यांची चौकशीही केली. मग एका रविवारी भाऊजी धाकटीची पत्रं उघडून बसले, आणि काही वेळानं त्यांनी तिला हाक मारली.

"तू क्षितिजाबिजावर लिहायचीस ना?"

"ते कधीच बंद केलं, भाऊजी."

"अस्सं." म्हणजे इतक्या दिवसांचं ते 'छान'ही पाठांतरच होतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा तक्तेवाला गृहस्थ मी का?"

निसटायला इतकी सोपी जागा दुसरी नव्हती.

"हो," धाकटी म्हणाली. "तुम्हीच. तुम्हाला न विचारता लिहिलं, आणि तुम्हाला सांगायच्या आधी जगाला सांगितलं. चुकलं माझं."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग पुरं तरी लिही. गृहस्थ काय गृहस्थ! दीर म्हण. आणि छापणाऱ्याचं नाव मी बरोबर सांगितलं होतं, तेही घाल."

तिनं पुरं लिहिलं. पाणघोडे घातले, स्टूल घातलं, छापणाऱ्याचं नाव घातलं. नवऱ्याला समोर बसवून दोन तऱ्हांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, आधीचं बरं की आताचं? पत्र शनिवारी गेलं. त्याचा शेवट असा होता: 'माझ्या दिरांची दहाही बोटं शाबूत आहेत. त्यात माझं काहीही कौतुक नाही.'

पुष्कळ उत्तरं आली. एकानं काळजीनं विचारलं होतं, 'या वेळी शेवटी असो लिहायचं राहिलं का?'

धाकटीनं त्याला उलट टपाली कळवलं, 'राहिलं नाही. काढलं.'