चहा संपेपर्यंत

वरची खोली भाड्यानं द्यायचीय म्हणून रंग दिला. त्या वासानं मी लातूरच्या जिन्यातून कित्येक वर्षांमागच्या दुबईतल्या एका नुकत्याच रंगवलेल्या फ्लॅटमध्ये जाऊन पोचलो. नोकरी नवी, राहायला जागा नाही. खोली देणारे काका आपल्या लातूरजवळच्या औशाचे निघाले तेव्हा हायसं वाटलं. त्यांनी किल्ली पुढं ठेवली, चहा दिला आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, हे त्यांना तेवढ्यानं कळलं.

"खोली तर कालच गेली की वो," म्हणत त्यांनी किल्ली उचलली.

खिडकी उघडत नव्हती. कपातला चहा कढत होता, आणि तो संपेपर्यंत तिथंच बसणं भाग होतं.

आज क्लाससाठी लोह्याहून खोली बघायला आलेली पोरगी दारातच म्हणाली, "काका, आधीच सांगते, आम्ही बौद्ध आहोत."

मी काहीच विचारलं नव्हतं.