जाऊबाई आणि माशांची बेल

आमच्या मोठ्या जाऊबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी. दिवा लागला की वायर खोचायची आणि दोन माणसं जोडून द्यायची. कुणाचं लग्न ठरलं, कोण गेलं, सगळं आधी यांच्या कानांवरून जायचं, पण त्यातलं एक अक्षर कधी घरी आलं नाही. जेवताना शेजारी फोन वाजत राहिला तर त्यांचा घास हातातच थांबायचा. "उचला रे कुणीतरी," म्हणायच्या, "पलीकडे माणूस ताटकळतंय."

मोठे दीर देवाघरी गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "लांबवू नका, पुढे अवघड जाईल." पण ऑपरेशनचं नाव काढलं की जाऊबाई कानांवर हात ठेवायच्या. त्यांच्या आईचा डोळा ऑपरेशनातच गेला होता. "धूसर का होईना, दिसतंय ना? तेही घालवून बसू का?" मी रोज देवापुढे हात जोडायचे, झालं.

माझ्या लेकीला इंटरनेटवरच्या अचाट गोष्टी हुडकायचा भारी नाद. कुठे कोंबड्यांसाठी स्वेटर विणणाऱ्या बायका, कुठे भिंतीत उंचावर दार आणि खाली जिनाच नाही! एकदा तिने जाऊबाईंपुढे टॅब्लेट आणून ठेवला. "मोठी आई, हे बघ. परदेशातल्या एका कालव्याचं दार आहे. ते बंद असलं की मासे अडकून बसतात. पाण्याखाली कॅमेरा लावलाय. मासा दिसला की आपण घरबसल्या बेल दाबायची. तिकडचा माणूस फोटो बघून दार उघडतो."

मी म्हटलं, "माशांना बेल! आता मांजरांना लिफ्ट तेवढी राहिली."

जाऊबाई हसल्या नाहीत. "म्हणजे तिथे कुणीतरी ताटकळतंय," म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

त्या दिवसापासून ड्यूटी सुरू. मी ओट्याशी पीठ मळतेय, आणि या टेबलाशी टॅब्लेट डब्याला टेकवून त्या हिरव्या गढूळ पाण्यात नजर लावून बसल्यात.

एका दुपारी त्या कडाडल्या, "काय मेला दारवान! सकाळपासून मासा उभा आहे बिचारा, मी बेलवर बेल मारतेय, आणि हा आपला ढिम्म! आमच्या एक्स्चेंजला असता तर हातात मेमो ठेवला असता."

मी वाकून पाहिलं. मासा होता खरा, अगदी काचेला चिकटून. फडक्याने पुसला, तर फडक्यावर आला. माझ्याच हातचं वाळलेलं पीठ.

"गेला का गं? उघडलं दार?"

त्यांचा चेहरा असा फुलला होता की 'हो' म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण नुकतीच देवाचं नाव घेऊन उठलेली जीभ वळेना.

"ताई, मासा नव्हता. काचेवर पीठ होतं."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे सकाळपासून मी खोटे कॉल लावले."

"अहो, तिकडे कुणाला कळतंय कुणी दाबली ते?"

"मला कळलं ना! आणि खरा मासा समोरून गेला असेल, तो दिसलाच नाही मला."

मी परत पिठाकडे वळले. मग मागून आवाज आला, "तो फोन दे इकडे. तू नको, मीच लावते."

आवाज थेट ड्यूटीवरचा. "नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तारीख हवीय. जवळातली जवळ."

ऑपरेशनच्या दिवशी आत जाताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. सोडताना टॅब्लेट माझ्या हाती दिला. "मी येईपर्यंत लक्ष ठेव. डोळे मिटून जप करू नकोस, उघडे ठेवून कर."

मी बाकावर बसले. तोंडात देवाचं नाव, बोट बटणापाशी. मासा काही आला नाही. आल्या त्या नर्सबाई. "सगळं नीट झालं," म्हणाल्या.

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या जाऊबाईंनी पहिलं काय विचारावं? "किती आले?"

"एकही नाही, ताई."

"असं कसं होईल? धाकटे, तूही जरा डोळे तपासून घे."