मसुऱ्याचं काळं खत

"श्रावणात कोकणात चाकरमानी जातो, नाहीतर खुळा," असं म्हणत आमच्या सौभाग्यवतींनी डबा हातात ठेवला. मी चाकरमानी नव्हतो. मिरजेच्या शाळेत तीस वर्षं शास्त्र शिकवून नुकताच मोकळा झालो होतो आणि ताज्या माशांची स्वप्नं पाहत निघालो होतो. फोंडाघाट उतरताना एसटीच्या टपाला गळती लागली. गाडीत चाळीस माणसं, पण पाणी नेमकं माझ्याच मानेवर.

मालवणजवळच्या मसुऱ्यात माझ्या मित्राची थोरली बहीण, गावाची सावित्रीकाकी, हिच्या घरी उतरलो. पहिल्याच जेवणात फागलांची (करटुल्यांची) भाजी आली. मासे कधी, असं विचारताच काकी हसली. "श्रावणात मासे? मास्तरानू, पंचांग बघून येवचा होता!"

दुसऱ्या सकाळी तिने तिचे दोन कुणगे (भातशेतीचे लहान तुकडे) दाखवले. खाडीकडे उतरणारी जमीन, मधे एक बांध, आणि भात पिवळट, मरगळलेलं. सोसायटीतून मिळणारं पांढरं खत दोन वर्षं घालूनही तीच तऱ्हा. "खत मी घालतंय, आनी गवत वाढता खाडयेकडचा," ती म्हणाली.

बांधावर तिचा दीर तातू उभा होता. काकीचे यजमान हयात नव्हते. जमीन सामायिक, त्यामुळे शब्द दिराचा.

"वैनी, औंदा भात इला नाय तर पुढच्या वर्साक हय काजी (काजूची झाडं) लावतलंय."

तो गेल्यावर काकी म्हणाली, "लगीन होवन इलंय तेवापासून हयच लावणी केलंय. आता काजीखाली बसान काय करू?" मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी पडवीत बसलो असताना नाकाला झणझणीत वास झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं. पाहतो तर काकी सुपात पांढऱ्या खतात चुलीतली राख कालवत होती.

"राख नको! थांबा!" मी ओरडलो.

"बोबलतास कित्याक? नुसता खत ओल्या हाताक चिकाटता. राखेशिवाय फोकूचा कसा?"

"काकी, हा वास म्हणजेच तुमचं खत. राखेने ते वायू होऊन सुटतं आणि भाताऐवजी माझ्या नाकात जातं. उरलेलं पाऊस नेतो."

"मगे काय घालू, ता सांगा!"

तीस वर्षं शास्त्र शिकवलेला मी डोकं खाजवू लागलो. तेवढ्यात कोळसा द्यायला आलेले हुसेनभाय अंगणातून हसले. करवंट्या भाजून ते मालवणच्या सोनारांना कोळसा विकत. "मास्तर, माज्या घराकडे चला," ते म्हणाले.

त्यांच्या परसात कोळशाच्या भुकटीचा ढीग होता. ती कुणी घेत नसे. शेजारी बरणीत भट्टीतून गळलेलं तपकिरी पाणी. ते शिंपडून भुकटी ते बकऱ्यांच्या गोठ्यात पसरत. "वास म्हणून येवचो नाय," ते म्हणाले. मी आत डोकं घातलं. खरंच, नाक शांत. बोटाने ते पाणी चाखलं तर असं आंबट की थुंकलो. हुसेनभाय पोट धरून हसले, पण मला मात्र उलगडा झाला. राख ज्या वासाला हाकलते, त्यालाच हे आंबट पाणी आणि कोळसा धरून ठेवतात.

आम्ही भुकटीत ते पाणी घालून ती चुलीशी सुकवली आणि खतात मिसळली. हाताला चिकटेना, डोळेही चुरचुरेनात. काकीने तरीही सावधपणा सोडला नाही. "सगळ्यात नको. एका कुणग्यात तुमचा काळा, दुसऱ्यात माजा."

तशी दोन्ही खतं टाकली आणि मग चार दिवस पावसाने उसंत दिली नाही. मी खिडकीशी बसून तांदळाचे घावणे खात होतो, पण लक्ष सगळं कुणग्यांकडे. भात पिवळंच राहिलं असतं तर काकीचा कुणगा गेला असता आणि त्यात माझाही हात असता.

खत टाकल्यापासून दहाव्या सकाळी काकीने हाक मारली. काळ्या खताचा कुणगा गडद हिरवा झाला होता. बांधापलीकडचा होता तसाच. काकी हिरव्यात गुडघाभर उतरली आणि दोन्ही हातांनी पाती चाचपत राहिली. मी म्हटलं, "भात घरात येईपर्यंत काही खरं नव्हे." तिने ऐकलंच नाही.

माझ्या निघण्याच्या दिवशी तातू आला. डोक्यावर रिकामा हारा (टोपली), हुसेनभायकडची भुकटी आणायला निघालेला. दोन्ही कुणग्यांकडे पाहून तो थांबला.

"वैनी, काजी डोंगरार लावया. हयसर भातच रवांदे."

काकीने पदर तोंडाला लावला. मीही गाडी चुकेल म्हणून उगाच घाई केली.

मिरजेला पोचल्यावर सौभाग्यवतींनी माझी काळी नखं पाहून कपाळाला हात लावला. "कोळसा वायू शोषून घेतो" हे वाक्य माझ्या शेकडो विद्यार्थ्यांनी लिहिलं आणि मी प्रत्येकाला पूर्ण गुण दिले. त्या वाक्याने एका बाईचं शेत राहू शकतं, हे मात्र मला हुसेनभायच्या बकऱ्यांनी शिकवलं.