एकोणपन्नासावं कार्ड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता… आणि माझ्यावर आमच्या साखर पेठेचा नव्हता. मी थापा मारतो हे सगळ्या सोलापूरला ठाऊक! तेव्हा ऐकताना चार आणे वजा करा. एवढी एक गोष्ट मात्र सोळा आणे घ्या.

साल अठ्ठ्याहत्तर. मी टेलिफोनचा वायरमन. कॉम्प्युटर भोकं पाडलेल्या कार्डांवर चालतो असं कुणीतरी सांगितलं आणि मला हसूच आलं. अहो, आमच्याकडं चादरीचे माग जन्मापासून तेच खातात! आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सगळं आयुष्य कारखान्यात, मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डची कार्डं पाडण्यात गेलेलं. भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही.

पण आप्पांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. "एकटं ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. मी कामावर, बायको विड्या वळायला विडी कारखान्यात… घरी कोण थांबणार?

मग मी भंगारातले रिले, म्हणजे टेलिफोनची विजेवर चालणारी बटणं, आणले आणि देशातला पहिला घरगुती कॉम्प्युटर बांधला. (इथं चार आणे वजा करा.) दाराच्या वर, सात फुटांवर फळी, त्यावर तो. अठ्ठेचाळीस कार्डांची माळ, दर अर्ध्या तासाला एक कार्ड सरकणार. भोक असेल तसा पंखा, दिवा, रेडिओ लागणार. बारा आणि चारच्या कार्डांना जास्तीचं भोक – ते सरकलं की शेजारच्या नरसम्माकडं घंटी. ती येऊन आप्पांना पाणी, चहा द्यायची.

कार्डं मी दोऱ्यानं बांधत होतो तेव्हा आप्पा खाटेवरून बघत होते. माझ्या गाठी बघून त्यांनी नाकातून 'हंऽ' केलं. कारखान्यात शिकाऊ पोरांना करायचे, तस्संच. त्यांची स्वतःची गाठ वेगळी, दोऱ्याचं शेपूट आत दडवलेली. ती मला कधी जमली नाही.

महिनाभर झकास चाललं. मग एका मंगळवारी मी पाचला घरी आलो, तर नरसम्मा दारातच बसलेली.

"तुजं मिशन येडं झालं रे," ती म्हणाली. "अडीचला घंटी वाजली. शिव्या देत आले की मी. बघते तर आप्पा निळे पडलेले, उशाला ठेवलेल्या भाकरीचा घास घशात अडकलेला. कुशीवर केलं, पाठीत दोन घातले, तवा श्वास आला."

डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर संपलं होतं.

अडीचला घंटी? अडीचच्या कार्डाला तसं भोकच नव्हतं. त्यात साडेसहाचा दिवा लागला सातला. सकाळी तर दहाचा रेडिओ माझ्यासमोर बरोबर दहाला लागलेला! मी फळीवर चढलो, कार्डं मोजली. एकोणपन्नास. दोन आणि अडीचच्या मधे एक नवं. त्याला भोक एकच, घंटीचं. आणि दोन्ही बाजूंच्या गाठी… शेपूट आत दडवलेल्या.

बायको शपथेवर नाही म्हणाली. नरसम्मा म्हणाली, "मला चुलीला लाकडं बांधता येत न्हाईत नीट." आप्पांना तर कूस बदलता येत नव्हती. एका हातानं ती गाठ मारून बघा, मी इतकी वर्षं बघतोय.

मी माळ आप्पांसमोर धरली. "आप्पा, हे तुम्ही केलं?"

त्यांनी ते कार्ड डाव्या बोटानं चाचपलं. मग नजर शेजारच्या माझ्या गाठींवर गेली. "हंऽ."

एक कार्ड काढणं भाग होतं, नाहीतर घर रोज अर्धा तास मागं पडलं असतं. पहाटे तीनचं काढलं, माझंच, कोरं. दुपारचं जुनं अडीचचं कार्ड तीनला गेलं, तीनचं साडेतीनला, आणि पुढच्यांची भोकं नव्या वेळेप्रमाणं पुन्हा पाडली. आप्पांचं तसंच ठेवलं. पुढं ते दोन वर्षं जगले आणि नरसम्मा रोज अडीचला शिव्या देत आली.

ते कुणी बांधलं, मला आजही माहीत नाही. थाप मारायची असती, तर उत्तरासकट मारली असती.