पानात उरलेली बुंदी

आळीत लग्न असलं आणि सनईची कॅसेट लागली, की तो पंगतीत दिसायचाच. नाव मी कधी विचारलं नाही. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब गाय. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे. वाढपी पोरं बुंदीची परात घेऊन त्याच्यापुढं अडून बसायची, "लाजू नका, पावणं!" म्हणत वाढत राहायची आणि सगळा मांडव कौतुकानं बघायचा.

एकदा मी त्याच्या शेजारी बसलो. त्याला दरदरून घाम फुटला होता, तरी घास चालूच होते.

"लई भूक लागली व्हती का?" मी सहज विचारलं.

"भूक कवाच भागली, भाऊ," तो हळूच म्हणाला. "पण मनाला घोर लागला का हात थांबतच नाय. बापाचं बी असंच व्हतं. आज्याचं बी म्हणत्यात. लोकांना मजा वाटती, घरी गेल्यावर माझी मलाच लाज वाटती. आता भीती हिची."

त्याच्या पलीकडं त्याची लहानगी लेक जेवत होती. बोलताना तो सारखा तिच्या हाताकडं बघत होता.

तिनं निम्मी बुंदी तशीच ठेवली आणि म्हणाली, "बास."

समोरची म्हातारी करवादली, "पोरी, पानात टाकू नये!"

"टाकू द्या, मावशी!" तो एवढ्या जोरात म्हणाला, की वाढपीही थबकले. मग लेकीचा चिकट हात त्यानं आपल्या हातात धरला.

"थांबला बघा, भाऊ. हिचा हात थांबला."